पानठेल्यावरचं गाणं

*मावशी, मी ४२ वर्षांची. माहेर इतवारीचं, सासर धरमपेठेतलं, आता आम्ही त्रिमूर्तीनगरला फ्लॅटमध्ये राहतो. माझ्या बाबांचा गांधीबागेत पानठेला होता. मी आठवीत असताना ‘तुम तो ठहरे परदेसी’ आलं. ठेल्यावरच्या टेपवर ती कॅसेट दिवसभर चालायची. शाळेतून येताना मी ठेल्याजवळ थांबायची, आणि गाणं संपल्याशिवाय बाबा मला घरी पाठवायचे नाहीत.*

*सासरी सगळे नाट्यसंगीत, शास्त्रीय संगीत ऐकणारे. लग्नानंतर एकदा पोळ्या करताना मी हे गाणं लावलं, तर सासूबाईंनी येऊन काही न बोलता बंद केलं. तेव्हापासून इअरफोन. ऑफिसात मी गझला ऐकते असं सांगून ठेवलंय. नवरा मनानं चांगला आहे. पण मागच्या महिन्यात पाहुण्यांसमोर म्हणाला, ‘हिला पानठेल्यावरची गाणी लागतात.’ सगळे हसले, मीपण हसली. आमच्या वरातीत धुमालवाल्यांनी ‘कोंबडी पळाली’ वाजवलं होतं तेव्हा हाच माणूस घाम निघेपर्यंत नाचला होता.*

*मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिची ती कोरियन गाणी दिवसभर सुरू असतात, माझं डोकं उठतं. तिला मात्र कोणी काही म्हणत नाही, मीच ओरडते. डिसेंबरात लग्नाला वीस वर्षं होतात. हॉल घेतलाय, डीजे गाण्यांची यादी मागतोय. ते गाणं यादीत टाकू का? आणि ते चांगलं गाणं आहे हे या लोकांना पटवू कसं? बाबा २०१९ मध्ये गेले. लेकीसारखं समजून सांगा.*

पोरी,

तुझा नवरा ‘पानठेल्यावरची गाणी’ म्हणाला तेव्हा त्याच्या मनात कुठलाही एक ठेला असेल, चौकातला, रस्त्यावरचा, नाव नसलेला. तुझ्या मनात एकच ठेला आहे. त्याचं वाक्य तुझ्या आवडीवर होतं असं त्याला वाटलं आणि ते जाऊन लागलं तुझ्या बाबांना. तू त्या वेळी हसलीस, कारण चारचौघांत दुसरं काही सुचत नाही. महिना होऊन गेला तरी तो शब्द तुझ्या मनातून जात नाही आणि तू मला पत्र लिहितेस, यात हळवेपणा काही नाही. तुला लागलं ते खरंच लागण्यासारखं होतं.

आधी गाण्याबद्दल बोलू दे, कारण तू इतकी वर्षं मान खाली घालून ते ऐकते आहेस आणि ते मला सहन होत नाही.

हे गाणं गाणाऱ्या अल्ताफ राजांचा जन्म आपल्या नागपुरातला. आई-वडील दोघंही कव्वाली गाणारे. १९९७ मध्ये हे गाणं आलं आणि पुढची दोन-तीन वर्षं देशातल्या ऑटोत, ट्रकमध्ये, बसस्थानकावर, ठेल्या-टपऱ्यांवर तेच वाजत होतं. लोक त्याला रडगाणं म्हणतात, एकच ओळ किती वेळा घोळवतो म्हणतात. कव्वालीत ओळ घोळवायचीच असते. एक शेर येतो, मग ओळ परत येते, आणि त्या शेरानं ओळीचा अर्थ थोडा सरकलेला असतो. आधी ती तक्रार वाटते, मग टोमणा, मग विनवणी. ठेल्यासमोर उभं राहून पूर्ण गाणं ऐकणाऱ्या मुलीला हे कोणी शिकवावं लागलं नाही. तिच्या बाबांनी गाणं संपेपर्यंत तिला थांबवून घेतलं, तेवढं पुरलं.

अजून एक गोष्ट आहे त्यात. गाण्याच्या एका भागात तो माणूस जानेवारीपासून एकेक महिना मोजत आपल्या प्रेमाची आणि फसवणुकीची हकिकत सांगतो. उत्तरेकडच्या लोकगीतांत बारामासा नावाचा फार जुना प्रकार आहे. त्यात परदेशी गेलेल्या माणसाची वाट पाहणारी बाई आषाढ, श्रावण, भादवा असे महिने मोजत आपलं दुःख गाते. इथं महिने इंग्रजी झाले आणि गाणारा पुरुष झाला, पण परदेशी जाणारं माणूस आणि मागे राहून महिने मोजणारं माणूस, हे दोघं तेच आहेत. जाणीवपूर्वक घेतलं की सहज आलं, ते काही असो. ज्या गाण्याला तुझ्या घरी सवंग म्हणतात, त्याची नाळ तिथवर जाते.

मग लोकांना ते इतकं टोचतं काहून? मला वाटतं, कारण ते त्यांनी कधी पूर्ण ऐकलेलंच नसतं. भिंतीपलीकडून गाण्याचा ठेका येतो आणि परत परत येणारी ओळ येते. शेर भिंतीतून येत नाहीत. बाजूच्या खोलीतल्या माणसाच्या कानावर फक्त घोळवलेली ओळ पडते, तीही त्यानं न मागता, बंद करायचं बटण हातात नसताना. अशा अवस्थेत उत्तमातली उत्तम चीजसुद्धा छळ वाटेल. सासूबाईंनी गाणं बंद केलं त्यात ही खरी अडचण किती होती आणि नापसंती किती, हे इतक्या वर्षांनी सांगता येणार नाही. पण अडचण खरी असू शकते एवढं तू मान्य कर. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, असा नियम २००० सालापासून देशभर आहे, तो काही कोणाच्या आवडीवरचा हल्ला नव्हे. माणसाला शांतता हवी असते. ‘आवाज कमी कर’ ही मागणी रास्त आहे. ‘तुझी आवड हलकी आहे’ हे मात्र दुसरंच काहीतरी आहे, आणि तुझ्या घरात दोन्ही एकाच दमात बोललं गेलंय.

त्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. ‘कोंबडी पळाली’ २००६ च्या ‘जत्रा’तलं, अजय-अतुलचं. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेलं. त्यावर नाकं मुरडणारे खूप होते. २०१२ मध्ये याच संगीतकारांनी हीच चाल हिंदी ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ म्हणून दिली, श्रेया घोषाल गायल्या, कतरिना कैफ नाचली, आणि तीच चाल मोठमोठ्या लॉनवरच्या लग्नांत, संगीताच्या रात्री वाजू लागली. तिथं कोणाचं नाक वर गेलं नाही. चाल तीच, ठेका तोच. बदललं काय, तर ते गाणं कोणाचं मानलं जातं, ते. नाक बहुतेक वेळा गाण्याकडे पाहून मुरडलं जात नाही, ऐकणाऱ्याकडे पाहून मुरडलं जातं. ऑटोवाल्याचं, ठेलेवाल्याचं, वस्तीतल्या पोट्ट्यांचं ते गाणं. हे बोलणारे लोक दुष्ट असतात असं नाही, बऱ्याचदा आपण काय बोललो हे त्यांना कळतही नाही. पण ऐकणाऱ्याला कळतं. तुला कळलं.

तुझ्या सासऱ्यांना सांगण्यासारखी एक हकिकत देते, भांडायला नको, गप्पांत सांग. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या स्टेशनकडे फिरवली. अमीन सयानींची बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली आणि सारा देश ती ऐकू लागला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. तेव्हा अभिरुची बिघडवणारी ठरलेली ती पन्नाशीतली गाणी आज घराघरांत रविवारी सकाळी ‘सुवर्णकाळ’ म्हणून लावली जातात. आणि नाट्यसंगीताच्या साथीला जी पेटी लागते, त्या पेटीवरसुद्धा आपल्या रेडिओनं १९४० मध्ये बंदी घातली होती, जवळपास तीस वर्षं. आपल्या रागसंगीताला ती शोभत नाही म्हणून. हलकं कोण ठरवतं आणि किती दिवस, याचा भरवसा नाही.

पण एवढं सगळं सांगूनही, ‘लोकांना पटवू कसं’ या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, पटवायला जाऊ नकोस. वर लिहिलं ते तुझ्यासाठी आहे, तुझी मान वर व्हावी म्हणून. कुणाला सावजीचा रस्सा झेपत नाही, म्हणून रस्सा वाईट होत नाही आणि तो माणूसही वाईट होत नाही. सासूबाईंना हे गाणं आवडायलाच हवं असा हट्ट धरलास तर तू तेच करशील जे तुझ्याशी झालं. तुला त्यांच्याकडून आवड नको आहे. मान हवा आहे. तो मागता येतो, आणि मागावाच.

नवऱ्याशी बोल. पाहुण्यांसमोर नको, मुलीसमोरही नको. दोघंच असताना, गाडीत असाल तर अजून बरं, समोर बघत बोलता येतं. गाण्याच्या गुणांवर सुरुवातच करू नकोस, तो वाद घालेल आणि विषय भरकटेल. एवढंच सांग: ‘त्या दिवशी तू पानठेल्यावरची गाणी म्हणालास. माझ्या बाबांचा पानठेला होता. हे गाणं मी तिथं त्यांच्याजवळ उभी राहून ऐकायची. तू हसलास तेव्हा मला वाटलं तू त्यांच्यावर हसलास.’ मग गप्प बस. पुढचं त्याला बोलू दे. तू त्याला मनानं चांगला म्हणतेस. मनानं चांगल्या माणसाला हे ऐकल्यावर झोप लागत नाही. वीस वर्षांत ठेल्यावरच्या त्या संध्याकाळींबद्दल तू त्याला कधी सांगितलंस का, हे तुझ्या पत्रात कुठं नाही. मला वाटतं नाहीच सांगितलं. सासरी आल्यावर माहेरचं जे जे झाकून ठेवलं, त्यात हेही गेलं असावं. आणि त्यानं पुन्हा थट्टेवारी नेलं, तर तिथंच थांबवून सांग की यावर थट्टा चालणार नाही. आवाज चढवायची गरज नाही, पण वाक्य पूर्ण कर.

ऑफिसातली ती गझल सोडून दे, बाई. गझल चांगलीच आहे, पण ती तुझी नाही. कोणी विचारलं तर अल्ताफ राजा म्हण आणि पुढे काही जोडू नकोस. ‘टाइमपास म्हणून’, ‘कधीकधी’, असलं काही नको. मला खात्री वाटते, त्या ऑफिसात निदान एक जण तरी इअरफोन काढून तुझ्याकडे येईल.

आता तुझी मुलगी. तिच्यावर मी जास्त बोलणार नाही, पण हे बोलल्याशिवाय पत्र पुरं होत नाही. आठवीत तुझ्या कानावर जे पडलं ते बेचाळिसाव्या वर्षीही तुला सोडवत नाही. त्या वयातलं संगीत माणसाच्या आठवणीत सर्वांत घट्ट बसतं, हे मानसशास्त्राच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तुझी मुलगी आज त्याच वयात आहे. तुझ्या बाबांनी गाणं संपेपर्यंत तुला थांबवलं. तू तिच्या गाण्यांवर ओरडतेस. एकदा तिच्या शेजारी बसून एक गाणं पूर्ण ऐक आणि तिला विचार की यात तुला काय आवडतं. आवडलं नाही तर आवडलं नाही म्हण. ‘डोकं उठतं’ म्हणू नकोस. मग स्पीकरचा नियम घरात सगळ्यांना सारखा लाव: संध्याकाळी एक तास तिचा, एक तास तुझा, सासू-सासरे राहायला आले की एक त्यांचा, बाकी वेळ इअरफोन. तुझ्या तासात कोणी येऊन बंद करायचं नाही. इअरफोन सोयीसाठी असावा, लपण्यासाठी नसावा.

राहिली डीजेची यादी. गाणं टाक. डीजेला रिमिक्स देऊ नको म्हणावं, त्यात शेर कापून नुसता ठेका ठेवतात आणि मग लोक म्हणतात एकच ओळ आहे. मूळ गाणं दे. नाचाच्या वेळी लावू नकोस, त्यावर नाचता येत नाही आणि गोंगाटात ते वाया जाईल. जेवणं सुरू व्हायच्या आधी, माणसं खुर्च्यांवर बसलेली असताना लाव. त्याआधी माइक हातात घे आणि दोन वाक्यं बोल, की हे गाणं माझ्या बाबांच्या गांधीबागेतल्या पानठेल्यावर वाजायचं. पानठेला हा शब्द तुझ्या तोंडून, त्या हॉलमध्ये, नीट ऐकू येईल असा येऊ दे. माइकवर बोलायला घाबरत असशील तर मुलीला बोलायला सांग, ती बोलेल.

आणि ‘कोंबडी पळाली’ नवऱ्याच्या नावावर लिही, दहा वाजायच्या आत.