धाकट्या भावाबरोबर शुक्रवार ते सोमवार लिस्बनला जातोय. जवळचं सिंट्रा गाव त्यात बसवू का?

बसतं, पण नका बसवू. रोसिओ स्टेशनवरून ट्रेनने चाळीसेक मिनिटं लागतात खरी, तरी दिवस पूर्ण जातो. सिंट्राचं सोडा, तुमचा भाऊ सकाळी उठतो का ते सांगा.

माझा उठत नाही. त्याच्याबरोबर मी लिस्बनला जाऊन आले आहे.

आम्ही मूळ गोव्यातल्या फोंड्याचे. आजोबांची शाळा पोर्तुगीजमधली, १९६१ च्या कितीतरी आधीची. लिस्बन त्यांनी कधी पाहिलं नाही, पण तिथल्या नद्या आणि राजे पाठ. त्यामुळे लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमुशचा मठ मला बघायचाच होता. वास्को द गामाची कबर तिथे आहे. (भक्ती म्हणून नव्हे. आजोबा तिच्यासमोर उभे राहून काय बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही.) मठ सोमवारी बंद असतो हे मला ठाऊक होतं, म्हणून तिकिटं रविवार सकाळची काढली होती.

शनिवारी रात्री भाऊसाहेब आल्फामा या जुन्या वस्तीत फादो, म्हणजे तिथली विरहगीतं, ऐकत बसले. रविवारी आठ वाजता मी हॉटेलच्या दारात तयार, हे उतरले साडेअकराला. वर मलाच, "ताई, सुट्टीवर आलोय, हजेरी द्यायला नाही." मग २८ नंबरच्या ट्रामचा हट्ट. मार्तिम मोनिजला तासभर रांग, आत पाय ठेवायला जागा नाही, सगळा वेळ पर्स पोटाशी धरून. सोमवारी विमानाआधी "बाहेरून तरी बघू" म्हणून १५ नंबरने बेलेंला गेलो. त्या बंद दारासमोर त्याने माझा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ताईचं नियोजन'.

चार वर्षं झाली. चतुर्थीला सगळे जमले की तो फोटो निघतो, आईसुद्धा हसते. रविवारच्या तिकिटांचा विषय कोणी काढत नाही. एकटी का गेली नाहीस, असं वहिनी विचारते. परक्या गावात त्याला झोपलेला टाकून? मला ते जमत नाही, आणि हे त्याला पक्कं माहीत आहे.

तर मठ रविवारीच करा. १८३७ पासूनचं ते पेस्ट्रीचं दुकान मठापासून चार पावलांवर आहे, सोमवारीही उघडं असतं. सहा घेतल्या होत्या, चार त्याने खाल्ल्या. २८ ची ट्राम हवीच असेल तर भल्या सकाळी, म्हणजे तुमच्या भावाला जमणार नाही. बूट चांगल्या पकडीचे घ्या, फरसबंदी गुळगुळीत आहे आणि गाव सगळं चढाचं.

फादोची ती जागा त्यानेच शोधली होती आणि ती चांगली होती, हेही सांगायला हवं. मी दहालाच उठून आले.

आणि भावाच्या खोलीची एक जादा चावी रिसेप्शनवरून आधीच मागून ठेवा. 'शाव' म्हटलं की कळतं, आपली चावी त्यांच्याकडूनच आलेली.