गॅलरी त्यांची, धूर आमच्या घरात

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. सासऱ्यांना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट श्वासविकार, आहे, वर्षभरात दोनदा अ‍ॅडमिट करावं लागलं. खालच्या फ्लॅटमधले गृहस्थ आधी जिन्यात उभे राहून सिगारेट ओढायचे. आम्ही बोललो, तर आता जेवणानंतर जिन्यात आणि एरवी त्यांच्या गॅलरीत ओढतात. ती गॅलरी नेमकी सासऱ्यांच्या खिडकीखाली आहे. 'माझी गॅलरी, माझे पैसे, कुठला कायदा आहे तो दाखवा,' म्हणतात. ते सोसायटीचे खजिनदार, त्यामुळे कमिटी गप्प. पोलिसांत जावं का? मिस्टर म्हणतात, मेंटेनन्सच भरायचा नाही. नाहीतर वरून बादली ओतायची.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, मेंटेनन्स भरा. थकवलात की उद्या सभेत तुम्ही धुराबद्दल तोंड उघडलं रे उघडलं, खजिनदारसाहेब थकबाकीदारांची यादी वाचून दाखवतील आणि विषय तिथेच संपेल. बादलीचं तर नावच काढू नका. आज तक्रारदार तुम्ही आहात; पाणी ओतलंत की तक्रारदार ते होतील.

आता 'कायदा दाखवा' याचं उत्तर. जिन्यासाठी वेगळं आणि गॅलरीसाठी वेगळं.

जिन्याची बाजू तुमच्याकडे झुकते. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या, म्हणजे ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात त्याच्या, कलम 4 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे. सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांचा वावर आहे अशी जागा, मग तो वावर हक्काने असो वा नसो. 'हक्काने असो वा नसो' हे शब्द तुमच्या कामाचे आहेत. तुमच्या जिन्यातून दूधवाला, कुरिअरवाला, मोलकरीण, पाहुणे सगळे ये-जा करतात. व्याख्येतून मोकळी जागा वगळली आहे, पण छपराखालचा जिना ही मोकळी जागा नव्हे. समोरचा वकील म्हणेल की सोसायटी खासगी आहे, गेटवर वॉचमन आहे, कायद्याने नावं घेतली ती रुग्णालयं, उपाहारगृहं, वाचनालयं अशा जागांची. त्यात जिना कुठे आहे? मी तुमच्या बाजूने हा वाद हौसेने घालीन, पण निकालाची हमी देणार नाही.

जिंकलात तरी दंड किती? 200 रुपयांपर्यंत. 2003 साली तेवढा होता, आजही तेवढाच. चांगल्या ब्रँडचं एक पाकीट त्याच्या आसपासच येत असेल. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलला आग लागली, संशय हुक्क्याच्या निखाऱ्यांवर गेला, त्यानंतर 2018 मध्ये महाराष्ट्राने याच कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लर चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. जिन्यातल्या सिगारेटचा दंड मात्र कोणाला आठवला नाही.

गॅलरीबाबत तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं, दुर्दैवाने, निम्मं खरं आहे. स्वतःच्या घरात सिगारेट ओढू नये असा कायदा आपल्याकडे नाही. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली देशभर धूम्रपानबंदीचा आदेश दिला, तोही दवाखाने, शाळा-कॉलेजं, कोर्टं, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे यांच्यापुरता. ओढणारा कुठे उभा आहे, एवढंच हा कायदा विचारतो. धूर कुठे जातो हे विचारत नाही, आणि तुमचं दुखणं नेमकं तेच आहे. म्हणून सिगारेटबंदी मागू नका, उपद्रव थांबवायला सांगा. तक्रारीतला शब्दन् शब्द धुराबद्दल असू दे, व्यसनाबद्दल नको.

पोलिसांकडे जाण्याबद्दल. केरळ उच्च न्यायालयाने 1999 साली सार्वजनिक जागी धूम्रपान हा सार्वजनिक उपद्रव ठरवला होता. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 280 मध्ये हवा आरोग्याला घातक करणाऱ्याला 1000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्रास आसपासच्या लोकांना सर्वसाधारणपणे झाला पाहिजे, एका खिडकीला झाला तर ते कलम ताणावं लागतं. शिवाय गुन्हा अदखलपात्र. चौकीत एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतील आणि 'आपसात मिटवा' म्हणून चहा पाजतील. ते गृहस्थ शिवीगाळ किंवा दमदाटीवर आले तर मात्र त्याच दिवशी जा.

तुमचा खरा रस्ता सोसायटीतूनच जातो. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, स्पष्ट म्हटलं आहे की कोणाही सभासदाने आपल्या गाळ्यात (म्हणजे फ्लॅटमध्ये) इतरांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही करू नये. 'आपल्या गाळ्यात' म्हणजे गॅलरीही आली. म्हणजे 'माझी गॅलरी' या युक्तिवादाला उत्तर त्यांनी स्वतः सभासद होताना मान्य केलेल्या उपविधींत आहे. सचिवांना लेखी अर्ज द्या : तारखा, वेळा, सासरे अ‍ॅडमिट झाले ते दिवस. या विषयाच्या चर्चेत खजिनदारांनी बसू नये, हेही त्यातच लिहा. कमिटी हललीच नाही तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागता येते. जिन्यात धूम्रपानबंदीचा ठराव आणि पाटी एवढं तरी त्या सभेत पदरात पाडून घ्या. जिन्याला विरोध करायला फारसं कोणी उभं राहणार नाही.

इतकं करूनही गॅलरी धुमसत राहिली तर कल्याणच्या दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा. इथे एक खाचखळगा आहे, तो आधीच सांगतो, कारण बहुतेक जण त्यात पडतात. तुम्हाला वाटेल, सासऱ्यांचा आजार हाच आपला हुकमी एक्का. पण उपद्रवाच्या दाव्यात न्यायालय मोजमाप लावतं ते साधारण प्रकृतीच्या माणसाचं. 'यांना आधीच श्वासाचा विकार आहे, त्याला मी काय करू?' हा समोरून येणारा पहिलाच प्रश्न असेल. म्हणून धूर कोणाही धडधाकट माणसाला सोसवणार नाही इतका आणि इतक्या वेळा येतो, हे आधी सिद्ध करा. शेजारच्या किंवा वरच्या बिऱ्हाडालाही त्रास असेल तर त्यांची शपथपत्रं सोन्याच्या मोलाची. पंधरा दिवस वहीत वेळा टिपा. जिन्यातले फोटो चालतील, त्यांच्या घरात कॅमेरा रोखू नका. डॉक्टरांचा दाखला त्यानंतर येतो, नुकसान किती आणि निकड किती हे दाखवायला. त्यात 'सिगारेट वाईट' एवढं असून भागणार नाही. धुराने दम कसा वाढतो आणि कधी अ‍ॅडमिट केलं, हे हवं. परक्याच्या धुराची सुरक्षित अशी मात्राच नसते, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2006 च्या अहवालात नोंदलेलं आहे. 'उघड्यावर ओढतो, वाऱ्याने जातं' म्हणणाऱ्याला ते ऐकवता येईल.

मागणीही आटोपशीर ठेवा : त्या खिडकीखालच्या कोपऱ्यात ओढू नये. आयुष्यात सिगारेट ओढू नये, असा हुकूम कोणी देणार नाही. दाव्याला वेळ लागतो हे धरून चाला. खर्चाची चिंता मात्र करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दावा तुमच्या नावाने करा, मिस्टरांच्या नावाने नको. तालुका विधी सेवा समितीकडे दाव्याआधी तडजोडीचा अर्जही करता येतो. माझा अनुभव असा की तिथली नोटीस हातात पडली की बऱ्याच गॅलऱ्या आपोआप शांत होतात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मला खटकली. स्वतःचं घर असताना हा माणूस जिन्यात का ओढत होता? बहुधा घरातही चालत नसावं. तसं असेल तर त्यांच्या सौभाग्यवती तुमच्याच बाजूच्या आहेत. हळदीकुंकवाला विषय काढून बघा, आणि पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा व्यसनमुक्तीचा नंबर त्यांच्या कानावर घाला. ते होईल न होईल. अर्ज मात्र या रविवारीच द्या, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर सचिवांची सही-शिक्क्याची पोच घ्या.