'सेन्सिटायझेशन'ला मराठीत काय म्हणावं?

निपाणीच्या एका फार्मसी शिक्षिकेनं विचारलंय : उंदरांना कोकेन, अ‍ॅम्फेटामिन अशी उत्तेजक औषधं पुन्हा पुन्हा दिली की जे 'सेन्सिटायझेशन' होतं, त्याला 'संवेदनशीलता' म्हणावं की 'सवय'?

ताई, दोन्ही नकोत. 'संवेदनशील' आपल्या बेळगावात 1 नोव्हेंबर जवळ आला की बंदोबस्ताच्या बातमीत भेटतो, नाहीतर कवीच्या सत्काराला. 'उंदीर संवेदनशील झाला' म्हणाल तर वर्गात हशा पिकेल. 'सवय' अर्थच उलटा करते. सवय झालेल्याला तेवढ्यानं काही होत नाही, आणखी लागतं. ते टॉलरन्स. त्याला 'सरावणं' म्हणा.

प्रयोगात याच्या नेमकं उलट घडतं. पिंजऱ्यात आडवे अवरक्त किरण सोडलेले असतात. उंदीर ते जितक्या वेळा तोडेल तितकी त्याची धावपळ धरतात. डोस तोच, पण मध्ये खंड ठेवून देत गेलं, की दर खेपेला तो आधीपेक्षा जास्त धावतो. मेंदूच्या न्यूक्लिअस अ‍ॅकम्बेन्स या भागात डोपामाइन हे संदेशवाहक रसायनही जास्त सुटतं. मग औषध थांबवा, काही आठवडे जाऊ द्या, तेवढाच डोस पुन्हा द्या, धावपळ वाढलेलीच दिसते. अ‍ॅम्फेटामिनबाबत तर हे वर्षभरानंतरही दिसलंय. गंमत म्हणजे तेच औषध पंपानं अखंड सोडत राहिलं, तर बहुधा उंदीर सरावतो. ज्या पिंजऱ्यात औषध मिळायचं तिथं परिणाम ठळक, परक्या जागी कधी कधी दिसतच नाही.

म्हणून माझं मत 'चढता प्रतिसाद' या शब्दाला. नशा 'चढते' हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आलेखाची रेघही चढतीच असते. उत्तरपत्रिकेत 'संवेदीकरण' लिहिलं तर गुण कापू नका, इतकंच.

'चटक' का नको, असंही कुणी विचारेल. आपल्याकडं 'चट लागली' म्हणतात, कन्नडातही दारूच्या व्यसनाला 'कुडितद चट'च. पण उंदीर धावला म्हणून त्याला चटक लागली असं होत नाही. त्यासाठी तो औषध मिळालेल्या कप्प्याकडं किती ओढ घेतो, डोससाठी दांडी किती वेळा दाबतो, ते बघावं लागतं. रॉबिन्सन आणि बेरिज या मेंदू-अभ्यासकांनी 1993 साली मांडलं, की व्यसनात आवड वाढत नाही, हवंहवंसं वाटणं तेवढं चढत जातं. तिथं 'चटावणं' चपखल बसतं.

तुम्ही निपाणीच्या, तेव्हा तंबाखूचं उदाहरण घ्याच. निकोटीनच्या पहिल्या डोसांना उंदीर मंदावतो. रोज देत गेलं की मंदावणं ओसरतं आणि धावपळ वाढू लागते. एकाच उंदरात सरावणंही आलं, चढता प्रतिसादही आला. दोन्हींवर 'सवय' लिहून मोकळं झालात तर विद्यार्थ्यांचा घोळ ठरलेला.

शेवटी 'स्टिरिओटिपी', तुम्ही विचारलेली नसली तरी. अ‍ॅम्फेटामिनचा डोस मोठा असला की उंदीर धावायचं सोडून एका जागी हुंगत, मान हलवत, काहीतरी कुरतडत बसतो. किरण तुटल्याची मोजणी घसरते, परिणाम मात्र वाढलेला असतो. याला 'साचेबद्ध वर्तन' वगैरे कशाला? सरळ 'चाळा' लिहा.