समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती म्हणजे काय आणि समाजाला तिचा उपयोग काय?

एखाद्याच्या खाजगी अडचणीमागे समाजाची रचना आणि इतिहास कुठे दडलाय, हे ओळखणारी नजर. (नावात ‘कल्पना’ असली तरी मनोराज्याशी संबंध नाही.) अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली याच नावाच्या पुस्तकात ती मांडली.

समजा, बाळंतपणानंतर एकीने नोकरी सोडली. घरचे म्हणतात, ‘तिला झेपलं नाही.’ पण तिच्या ऑफिसातल्या दहापैकी सहा जणी सोडत असतील, तर प्रश्न तिच्या कुवतीचा उरत नाही. मग वेळेच्या नियोजनाचे धडे देऊन भागत नाही. पाळणाघर, कामाचे तास, ‘मूल आईनेच सांभाळायचं’ हा समज, सगळंच तपासावं लागतं. समाजाला उपयोग तो हाच. अर्थात, स्वतःच्या प्रत्येक चुकीचं खापर समाजावर फोडायची ही सोय नव्हे.