वाचकांचे प्रश्न : पूल थरथरतो म्हणजे काय होतं?

प्रश्न : काळा घोडा पुलावरून पायी जाताना शेजारून बस गेली की पायाखाली थरथर जाणवते. मही नदीवरचा गंभीरा पूल पडल्यापासून पोटात गोळाच येतो. ही थरथर धोक्याची खूण समजायची का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नुसत्या थरथरीवरून तसं म्हणता येत नाही. वजन आलं की पूल हलतोच. किती हलला हे गाडीच्या वजनावर, वेगावर आणि रस्त्यातल्या खड्ड्यावर ठरतं. जॉइंटची, म्हणजे पुलाच्या दोन भागांमधल्या सांध्याची, पट्टी उखडलेली असेल तर धडधाकट पूलही चांगला हादरतो.

अभियंते पाहतात तो हलण्याचा ठेका, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे. यालाच वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. हा ठेका पुलाच्या ताठपणावर आणि वजनावर अवलंबून असतो. ढोबळ हिशेब असा : शंभराला गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकणांमधल्या भागाच्या, मीटरमधल्या लांबीने भागा. 36 मीटरचा गाळा साधारण 2.8 हर्ट्झवर डोलतो. तडे जाऊन ताठपणा 10 टक्क्यांनी घटला तर ठेका 5 टक्क्यांनी उतरतो आणि 2.66 च्या आसपास येतो. इतका फरक पायाला कळणं शक्य नाही. मात्र दर गाडीला एकाच जॉइंटवर ‘धप्प’ असा आवाज येत असेल, किंवा कठड्याची सरळ रेघ मध्येच खचलेली दिसत असेल, तर खांबाच्या क्रमांकासह लगेच लेखी कळवा.

प्रश्न : मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी शहरातल्या एका उड्डाणपुलाची वारंवारता मोजायची आहे. मोबाइलचा सेन्सर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, फतेगंज, वडोदरा

उत्तर : ट्रक गेल्यावरचा मोठा हादरा मोबाइल पकडेल, पण रहदारी विरळ असतानाचं बारीक कंपन त्याच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जातं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून कमी गोंगाटाचे निदान चार अ‍ॅक्सलरोमीटर, म्हणजे कंपन मोजणारे सेन्सर, मिळवा. पुलावर चढण्याआधी महापालिकेची लेखी परवानगी घ्या.

सगळे सेन्सर गाळ्याच्या मध्यावर लावू नका. पूल एकाच वेळी अनेक प्रकारांनी डोलतो. पहिल्या प्रकारात मध्य सर्वांत जास्त हलतो, दुसऱ्या प्रकारात तो जवळजवळ स्थिर असतो. म्हणून पाव लांबीवरही हवेत, आणि दोन्ही कडांना हवेत; नाहीतर वाकणं आणि पिळवटणं वेगळं काढता येत नाही. एक सेन्सर पूर्ण वेळ जागेवर ठेवा आणि बाकीचे सरकवत न्या. त्या एकाच्या आधारावर सगळ्या नोंदी जुळवता येतात.

बहुतेकांचं बिनसतं ते बसवण्यात. कठड्यावर लावलात तर कठड्याचाच ठेका मिळेल. डांबरावर लावलात तर उन्हाने ते मऊ होतं. उघडं काँक्रीट शोधा, ब्रशने धूळ काढा, लोखंडी पट्टी इपॉक्सीने चिकटवा आणि तिच्यावर सेन्सर स्क्रूने आवळा. वर बादली पालथी घाला, म्हणजे वारा लागणार नाही. वायर लोंबती राहिली तर तिचं फडफडणंही नोंदीत उतरतं. दर हातभर अंतरावर टेप लावा.

सेकंदाला 100 नोंदी पुरतात, पण आधी वरच्या वारंवारता गाळणारा फिल्टर हवाच, नाहीतर त्या खाली उतरून आलेखात खोटी शिखरं दाखवतात. निदान 15 मिनिटं नोंद घ्या. तिचे 100 सेकंदांचे तुकडे पाडून सरासरी काढलीत की 0.01 हर्ट्झचा फरक दिसतो. वीस सेकंदांच्या नोंदीत तो 0.05 च्या खाली दिसणारच नाही.

आणि तापमान लिहा! अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतल्या अलामोसा कॅन्यन पुलाची पहिली वारंवारता एका दिवसात सुमारे 5 टक्के बदललेली आढळली. वर सांगितलेली 10 टक्के ताठपणाची घट नेमकी एवढाच फरक पाडते. जानेवारीच्या पहाटेचा आकडा मे महिन्याच्या दुपारच्या आकड्याशी ताडून पाहणं म्हणूनच व्यर्थ आहे. निरोगी अवस्थेतली वर्षभराची नोंद हाताशी नसेल, तर आजच्या एका आकड्याने काहीच सिद्ध होत नाही.

प्रश्न : गंभीरा पुलावर असे सेन्सर असते तर आधी कळलं असतं का?
– एक वाचक, पादरा

उत्तर : फक्त वारंवारतेवर भिस्त ठेवली असती, तर बहुधा नाही. 9 जुलै 2025 रोजी महीवरचा तो गाळा कोसळला, तेव्हा पेडेस्टल (गाळा ज्यावर टेकतो तो ओटा) आणि आर्टिक्युलेशन (गाळ्यांचा टेकणारा सांधा) चिरडल्याचं प्राथमिक अहवालाच्या आधारे सांगण्यात आलं. म्हणजे इजा टेकणाच्या जागी, हातभर भागात. वारंवारता सांगते ती अख्ख्या गाळ्याची तब्येत.

1993 मध्ये न्यू मेक्सिकोत रिओ ग्रान्देवरच्या, पाडायला काढलेल्या पुलाचा एक गर्डर, म्हणजे आडवी पोलादी तुळई, मुद्दाम चार टप्प्यांत कापला होता. सुरुवातीला 2.48 हर्ट्झ. पहिल्या दोन कापांनंतर 2.52, म्हणजे उलट किंचित वर! तिसऱ्यानंतर 2.46. तुळईची खालची आडवी पट्टी (फ्लँज) पूर्ण तुटून उभ्या पत्र्यात (वेब) सहा फूट काप गेला, तेव्हा कुठे 2.30. इतकं होईपर्यंत वाट पाहणं कुणालाच परवडणारं नाही. गाळ्याला थोडं सरकू देणारं टेकणाचं बेअरिंग गंजून अडकलं तरी वारंवारता वाढते आणि दुखणं झाकलं जातं. काँक्रीट आवळून धरणारी पूर्वताणाची केबल तुटली, पण काँक्रीटला तडा उघडला नाही, तर आकडा हलतही नाही.

महीसारख्या नदीत कंपनाचा खरा उपयोग खांबाखाली. पुराने पायाभोवतीची माती नेली की खांबाच्या डोलण्याचा ठेका उतरतो. जपानी रेल्वेत खांबाच्या माथ्यावर सुमारे 30 किलोचं वजन झुलवून आपटतात आणि तो ठेका मोजतात. इथेही पावसाळ्याआधी आणि नंतर ही जोडी-मोजणी व्हायला हवी.

टेकणं मात्र शिडी लावून, टॉर्च घेऊन, हाताच्या अंतरावरूनच पाहावी लागतात : पेडेस्टलचे कोपरे फुटलेत का, गंजाचे ओघळ आहेत का, वरच्या जॉइंटमधून पाणी झिरपतंय का.