फ्रान्समध्ये गाड्यांची वर्दळ नसलेल्या कच्च्या वाटांनी आठवडाभर सायकल चालवायची असेल तर कुठे जावं?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की 2027 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल मोहिमेसाठी तुमचे मिस्टर इकडे येणार आहेत, त्यानंतर तुमच्या दोघांच्या हाताशी एक आठवडा आहे, आणि तुम्हाला मागून येणाऱ्या गाड्यांची धास्ती न घेता खेड्यापाड्यांतून निवांत सायकल चालवायची आहे. रस्ता खडीचा असला तरी चालेल, फार चढ मात्र नको.

मी नोकरीनिमित्त नांतला राहते आणि सुट्टीत याच वाटांवर असते, त्यामुळे माझं उत्तर ठाम आहे: फ्रान्सच्या वायव्येच्या ब्रिटनी प्रांतातला नांत-ब्रेस्ट कालवा. सगळा नाही, त्यातला कारे ते रदों हा मधला भाग. दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पाच-सहा दिवसांत आरामात होतो. तुमच्या मिस्टरांना कारे हे नाव माहीत असेल, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा एक कंट्रोल, म्हणजे थांबून नोंद करायचं ठिकाण, तिथेच असतो.

कालवाच का, ते सांगते. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या आरमाराने ब्रेस्ट बंदराची नाकेबंदी केली होती. समुद्रातून माल नेता येईना, म्हणून जमिनीवरून पाण्याची वाट काढायचं ठरलं आणि 1811 मध्ये तसा हुकूम निघाला. नद्या जोडत जोडत 360 किलोमीटरहून लांब कालवा झाला, दोनशेहून जास्त लॉकसह (लॉक म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून नावा पुढे नेणारे दरवाजे). नावा ओढायला घोडे असत. घोड्याला चालायला पाण्याच्या कडेने सलग, सपाट पट्टी लागायची, आणि तीच पट्टी आज सायकलवाल्यांच्या वाट्याला आली आहे. चढ येतो तो फक्त लॉकपाशी, दोन-तीन मीटरचा, दोन पायडल मारले की संपला. मोटारींना तिथे मनाई आहे. निळ्या चौकोनी पाटीवर पादचारी आणि सायकल अशी पांढरी चित्रं दिसली की समजायचं, ही 'व्वा व्हेर्त', हिरवी वाट. फ्रान्सच्या वाहतूक नियमांत 2004 पासून हिची वेगळी व्याख्याच आहे. कधीतरी देखभाल करणाऱ्यांची गाडी दिसते, तेवढंच. गावचा रस्ता ओलांडावा लागतो तिथे मात्र थांबायचं असतं, गाडीवाला तुमच्यासाठी थांबेल हे गृहीत धरू नका.

आता दिशा. बहुतेक जण नांतहून निघून पश्चिमेला जातात. तुम्ही उलटं या. ब्रिटनीत वारा बहुधा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. झाडी नसलेल्या पट्ट्यात तो दिवसभर तोंडावर घ्यायचा म्हणजे सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखं होतं. कारेहून पूर्वेला निघालात तर तोच वारा पाठीशी. पॅरिसहून गँगाँपर्यंत मोठी रेल्वेगाडी, तिथून कारेला छोटी लोकल गाडी जाते. डबा लहान असतो, सायकलींना जागा मोजकीच, म्हणून शक्यतो सकाळची गाडी धरा. मोठ्या गाडीत तिकीट काढतानाच सायकलच्या जागेचं बघून ठेवा.

कारे गावापासून कालवा थोडा दक्षिणेला आहे. कारेहून ग्वारेककडे जुन्या रेल्वेमार्गाची आणखी एक हिरवी वाट जाते, तीही छान आहे. पण तुम्ही पाण्याचीच वाट धरा, कारण ग्लोमेल चुकवायचं नाही. सगळ्या कालव्यातली सर्वात उंच जागा ही, समुद्रसपाटीपासून सुमारे 184 मीटर. दोन नद्यांच्या खोऱ्यांमधली टेकडी आडवी आली तेव्हा ती सरळ कापायचं ठरलं. 1823 ते 1832 अशी नऊ वर्षं शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांकडून कुदळ-फावड्याने हा चर खोदून घेतला. जवळजवळ तीन किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी वीस मीटरहून खोल. आज दोन्ही उतारांवर एवढी दाट झाडी आहे की भर दुपारीही उजेड हिरवा वाटतो. आपण किती खोल आहोत हे पटकन लक्षात येत नाही. सायकल उभी करून वर काठाकडे बघा, मग कळतं की इथली माती माणसांनी वर वाहून नेली आहे. मला या सगळ्या वाटेवर सर्वात जास्त थांबावंसं वाटतं ते इथे.

पुढे ग्वारेक, मग बों-रपोचा बाराव्या शतकातला मठ, आणि मग कालवा चक्क पाण्याखाली जातो. 1920 च्या दशकात इथे वीजनिर्मितीसाठी गेर्लेदाँचं धरण बांधायला घेतलं, त्यात कालव्याचे 17 लॉक बुडाले. नांत ते ब्रेस्ट अशी सलग वाहतूक तिथेच संपली. 2015 मध्ये धरण दुरुस्तीसाठी रिकामं केलं तेव्हा चिखलातून ते लॉक आणि राखणदारांची घरं वर आली, आणि ती बघायला लोकांची रीघ लागली. आता तुम्हाला तलावाच्या वरच्या अंगाने, जुन्या रेल्वेमार्गावरून म्यूर-द-ब्रेतान्यपर्यंत जायचं आहे. टूर द फ्रान्समधला प्रसिद्ध चढ याच गावचा. मिस्टरांना मोह झाला तर त्यांना एकट्याला पाठवा.

पोंतीव्हीला एक मुक्काम करा. नेपोलियनने इथे जुन्या गावाला लागून सरळ रेषेतलं नवं शहर वसवलं. एका बाजूला वाकड्या गल्ल्या, दुसऱ्या बाजूला पट्टीने आखलेले रस्ते, अर्ध्या तासात दोन्ही बघून होतात. पोंतीव्ही ते रोआँ या टप्प्यात पन्नासहून अधिक लॉक आहेत, काही ठिकाणी एकामागे एक इतके जवळ की पाणी पायऱ्या उतरत जाताना दिसतं. प्रत्येक लॉकजवळ राखणदाराचं छोटं घर, त्यावर लॉकचा नंबर आणि नाव, आणि पुढे बाग. या घरांच्या बागा बघण्यासारख्या असतात: डेलिया, हायड्रेंजिया, काठावर जिरेनियमच्या कुंड्या. मी पाणी प्यायला नेहमी लॉकपाशीच थांबते.

जोस्लँचा किल्ला वाटेवरूनच दिसतो, तीन गोल बुरूज थेट नदीवर उभे आहेत. रोआँ घराण्याची आजही तिथे मालकी आहे. मालेत्र्वाला मात्र सायकलवरून उतरून चौकात जा आणि जुन्या लाकडी घरांच्या तुळयांकडे मान वर करून बघा. एका घरावर सूत कातणारी डुकरीण कोरलेली आहे. तिथून रदोंपर्यंत ऊस्त नदीच्या संगतीने सगळ्यात सोपा प्रवास.

रस्त्याबद्दल. ही आपल्याकडची मोठी खडी नाही, दाबून बसवलेली बारीक वाळू-मुरूम आहे. 35 मिलिमीटरचे टायर पुरतात, खोल नक्षीचे लागत नाहीत. सुक्यात ती छान पळते. पाऊस पडला की वरचा थर पिठासारखा चिकटतो, साखळीत आणि ब्रेकमध्ये जातो, आणि रोजचं अंतर दहा-पंधरा किलोमीटरने कमी होतं. ऑगस्टमध्येही ब्रिटनीत पाऊस येतो, म्हणून मडगार्ड लावलेलीच सायकल घ्या आणि संध्याकाळी साखळी पुसून तेल द्या. मासे धरणाऱ्यांचे लांबलचक गळ वाटेवर आडवे असतात. लांबूनच घंटी वाजवा आणि जाताना 'बोंजूर' म्हणा, त्यावर माणसं मनापासून उत्तर देतात.

खाण्याचं नीट ठरवून ठेवा, कारण खेड्यांत दुपारी दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि रविवारी दुपारनंतर व सोमवारी दुकानं उघडी असतीलच असं नाही. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय. ब्रिटनीत ते अवघड नाही: कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, 'गालेत', गावोगावी मिळतं. चीज, मशरूम, कांदा घालून मागा, आणि 'सां जांबों' सांगायला विसरू नका, नाहीतर हॅम येतं. पिण्याचं पाणी संपलं तर गावच्या दफनभूमीत नळ असतो, इथले सायकलवाले सर्रास तिथे बाटल्या भरतात. फक्त 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी दक्षिणेतला कनाल द्यू मिदी सुचवलाय. तो 17 व्या शतकातला, युनेस्कोच्या यादीतला, बघायलाच हवा असा आहे. पण सायकलसाठी पहिल्यांदा मी तो सांगणार नाही. तूलूझपासून पन्नासेक किलोमीटर डांबर आहे, त्यापुढे बऱ्याच ठिकाणी अरुंद मातीची पायवाट आणि वर आलेली मुळं. शिवाय बुरशीच्या रोगामुळे तिथली हजारो प्लेन (चिनारच्या जातीची) झाडं तोडावी लागली, त्यामुळे ऑगस्टच्या उन्हात सावलीचे पट्टे तुटक मिळतात. दक्षिणेतच जायचं असेल तर माझामे ते बेदारियू हा जुन्या रेल्वेचा पासापाईस मार्ग बघा: पाऊणशे किलोमीटरहून थोडा जास्त, डोंगर, पूल, आणि पाऊण किलोमीटर लांबीचा एक बोगदा, त्यासाठी दिवा जवळ ठेवा.

रदों हे रेल्वेचं जंक्शन आहे. तिथून नांत, रेन आणि पॅरिस तिन्हीकडे गाड्या मिळतात, म्हणून प्रवास तिथे संपवणं सोयीचं. ऑगस्टमध्ये मालेत्र्वा आणि जोस्लँच्या खोल्या लवकर भरतात, तेवढ्या आधी घेऊन ठेवा. तंबू आणणार असाल तर बऱ्याच गावांत कालव्याजवळच नगरपालिकेची स्वस्त कॅम्पिंगची जागा असते.