तिघे दुचाकीवर होते, म्हणून भरपाई कापली जाईल का?

प्रश्न : माझा मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर तिसरा बसला होता. मागून आलेल्या मोटारीच्या धडकेत त्याचा पाय मोडला. मोटारीची विमा कंपनी म्हणते, तिघे बसणे हाच निष्काळजीपणा, म्हणून भरपाई निम्मी मिळेल. हे योग्य आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. दुचाकीवर तिघांनी बसणे हा मोटार वाहन कायद्याचा भंग आहे व त्यासाठी दंडही होतो. परंतु तेवढ्यावरून अंशदायी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात किंवा इजेत जखमीच्या स्वतःच्या चुकीचाही वाटा असणे, सिद्ध होत नाही. तिसऱ्या माणसामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे विमा कंपनीने पुराव्यानिशी दाखवावे लागते. याच कारणासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने केलेली १० टक्के कपात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द केली. त्या प्रकरणातही मोटारीची धडक मागूनच बसली होती. निम्म्या कपातीची भाषा, माझ्या मते, निव्वळ तडजोडीसाठीचा दबाव आहे.

शिवाय आपला मुलगा गाडी चालवत नव्हता. मित्राची थोडी चूक निघाली तरी ती मुलाच्या माथी मारता येत नाही. दोन्ही चालकांच्या एकत्रित निष्काळजीपणात जखमी प्रवासी कोणत्याही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करताना घटनास्थळाचा पंचनामा अवश्य जोडावा.